ॲमस्टरडॅमचा टेलेक्स

सोमवारी सकाळी ऑफिसात सगळ्यांत आधी उत्तरा पोचायची. जर्सी सिटीहून पाथ ट्रेननं मॅनहॅटनला, तिथून पाच मिनिटं चालत. जगभरचे छोटे सिनेमे विकत घेऊन देशोदेशी लावणारी ती कंपनी होती. मालक सॅम, दोन सेल्समन आणि उत्तरा. शनिवार-रविवारी युरोपातल्या थिएटरांकडून आलेले टेलेक्स, तारेवरून छापून येणारे संदेश, मशीनपाशी भेंडोळं होऊन पडलेले असायचे. ते फाडायचे, कुठल्या शहरात कुठल्या सिनेमाला किती गर्दी झाली ते टाइप करायचं आणि सॅमच्या टेबलावर ठेवायचं, हे तिचं काम. सहा वर्षं ती ते बिनबोभाट करत होती.

१९८७च्या मार्चमध्ये त्या कागदावर पहिल्यांदा एक मराठी सिनेमा आला. 'बिनतारखी हुकूम', दिग्दर्शक पद्मिनी बर्वे.

"तुमच्याकडचीच आहे. ओळखतेस?" सॅमनं विचारलं होतं.

"एका वर्गात होतो," एवढंच उत्तरा म्हणाली.

पुण्यात दोघी फिल्म एडिटिंग शिकल्या होत्या. पहिला नंबर उत्तराचा असायचा. पद्मिनी तिच्या वह्यांवर पास व्हायची आणि सुट्टीत तिच्या घरी अमरावतीला येऊन राहायची. चौऱ्याहत्तरमध्ये उत्तराचं लग्न झालं आणि ती गिरीशबरोबर अमेरिकेला आली. पुढच्याच वर्षी आणीबाणी लागली. तिच्या बाबांना, साध्या शाळामास्तराला, घरातून उचलून नेलं. चौदा महिने ते तुरुंगात होते. इकडे ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले. आत्ता देश सोडलात तर परत यायचं विसरा, असं वकिलानं सांगितलं. उत्तरा गेली नाही. पद्मिनी गेली. प्रत्येक भेटीच्या दिवशी ती उत्तराच्या आईबरोबर तुरुंगाच्या दाराशी उभी राहिली. दहा वर्षांनी, कुणाकुणाकडून पैसे जमवून, तिनं त्यावरच सिनेमा काढला.

भारतात त्याला धड थिएटर मिळालं नाही. पॅरिसला मात्र एका आठवड्यासाठी लागलेला सिनेमा नवव्या आठवड्यात गेला. मग ब्रसेल्स, हँबुर्ग, झुरिक. सॅम खुशीत सोमवारी सगळ्यांसाठी डोनट्स आणायला लागला. बाकीच्या सिनेमांचे आकडे उत्तरा भराभर टाइप करायची. पद्मिनीचे आकडे मात्र दोनदा तपासायची. आपण एखादं शून्य जास्त वाचलं असेल, अशी तिला आशा वाटायची. तसं कधीच झालेलं नसायचं.

"अगं, प्राउड वाटायला पाहिजे यार," गिरीश म्हणायचा. "तुझ्या बाबांची स्टोरी आहे."

"मॉम, इज इट अबाउट आजोबा?" अकरा वर्षांच्या सीमानं विचारलं.

"इट्स पद्मिनी मावशीज मूव्ही," उत्तरा म्हणाली आणि सिंकमधली भांडी घासायला लागली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आईचं पत्र आलं. अमरावतीत सिनेमाचा एक खेळ झाला होता. 'पद्मिनीने आम्हाला पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवले. हे फार रडले. लोक येऊन विचारत होते, ही तुमची मुलगी का? पद्मिनीने हो म्हणून टाकले. मी काही बोलले नाही.'

उत्तरानं पत्र तीन-चारदा वाचलं. गिरीशला दाखवलं नाही.

सोमवारी मशीनपाशी ॲमस्टरडॅमचा टेलेक्स होता. 'बिनतारखी हुकूम'चे दोन आठवडे सगळे खेळ भरले. आणखी चार आठवडे ठेवायचा आहे. बुधवारपर्यंत होकार कळवा, नाहीतर हॉल दुसऱ्या सिनेमाला द्यावा लागेल.

तिनं तो फाडला, घडी घातली आणि आपल्या ड्रॉवरमध्ये पाकिटांच्या खाली सारला. मंगळवारी बाहेर काढला, वाचला आणि परत ठेवला. त्या तीन दिवसांत तिला जेवण नीट गेलं, झोपही लागली. याचंच तिला पुढे सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. गुरुवारी मात्र तिनं तो सॅमला नेऊन दिला. मशीनच्या मागे पडला होता, म्हणाली. सॅमनं लगेच होकार धाडला. तासाभरात उत्तर आलं: उशीर झाला, हॉल गेला. सॅमनं मशीनला शिव्या घातल्या.

जूनमध्ये न्यूयॉर्कच्या रिलीजसाठी पद्मिनी आली आणि उत्तराकडेच उतरली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघीच होत्या. उत्तरा कणीक मळत होती.

"ॲमस्टरडॅमच्या माणसाचं पत्र आलंय मला," पद्मिनी म्हणाली. "तुमच्या मशीननं सोमवारीच पोच दिली होती म्हणतो. टेलेक्सला तशी पोच मिळते ना?"

"मिळते."

"सॅम म्हणतो, मशीनच्या मागे पडला होता. मग गुरुवारपर्यंत कुणालाच कसा दिसला नाही?"

उत्तराचे हात थांबले. "पडला नव्हता. मी ठेवला होता. ड्रॉवरमध्ये."

"का?" पद्मिनीनं विचारलं.

"माझे आईबाबा आहेत ते. लोकांनी विचारलं, ही तुमची मुलगी का, आणि तू खुशाल हो म्हणालीस!"

"मी?" पद्मिनीचा आवाज चढला. "मी कुठे म्हटलं? काकूंनीच हो म्हटलं!"

उत्तरानं ताटावरचं ओलं फडकं उचललं, कणकेवर नीट झाकलं आणि हात धुवायला गेली. नळ ती बराच वेळ बंद करेना.

"कोपनहेगनचा वितरक सिनेमा बघायला ॲमस्टरडॅमला येणार होता," पद्मिनी तिच्या पाठीकडे बघत म्हणाली. "मला नाही गं हे विसरता येणार." रात्रीच्या जेवणाआधीच ती बॅग भरून क्वीन्सला वसुधाकडे, आपल्या मामेबहिणीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी उत्तरानं सॅमला खरं ते सांगितलं. सॅम ओरडला नाही. "सहा वर्षांत तुझी एक चूक काढता आली नव्हती मला," एवढंच म्हणाला. त्यानं तिला काढून टाकलं नाही, पण टेलेक्स दुसऱ्याकडे दिला. उत्तरानं ॲमस्टरडॅमला स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं, चूक माझी आहे म्हणून. त्या माणसानं रविवार सकाळचे खेळ दिले. पाच रविवार सिनेमा चालला, बेताचाच. कोपनहेगनवाला आला नाही.

न्यूयॉर्कच्या रिलीजच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी उत्तरानं तिकीट काढलं आणि एकटीनं सिनेमा पाहिला. मध्ये एक शॉट होता. तुरुंगाच्या दारातून बाई परत निघते, लांबवर चालत जाते, कॅमेरा हलत नाही. बाहेर आल्यावर तिनं कोपऱ्यावरच्या फोनवरून वसुधाकडचा नंबर लावला. पद्मिनीनंच उचलला.

"तो दारातला शॉट लांबलाय," ती म्हणाली. "मी असते तर आधी कापला असता."

पद्मिनी म्हणाली, "आधी कापला असतास तर ती वळून बघते ते गेलं असतं. काकू तशाच वळायच्या. दर वेळी. रस्त्यावर कुणी येतंय का बघायला."

शॉट बरोबर होता, ते उत्तराला कळलं होतं. तिथे उभं राहून आईला पाहिलं होतं ते पद्मिनीनं, आणि ते आता कितीही केलं तरी तिला मिळणार नव्हतं. मनातला हेवा होता तिथेच होता.

"चांगला झालाय सिनेमा," ती म्हणाली.

"हं," पद्मिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

ऑगस्टमध्ये उत्तरानं सुट्टी मागितली आणि अमरावतीला गेली, तेरा वर्षांत पहिल्यांदाच एकटी. येतेय असं तिनं आईला आधी कळवलं नव्हतं.