रजतच्या रुईवर

दादाजींनी तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि छोटा पंप दाबला. रुईच्या पानांवर पांढुरकं औषध पसरलं.

चिन्मयी पाण्याचा पाइप धरून तशीच उभी राहिली. दोन महिने फुलपाखरांच्या बागेतले सगळे स्वयंसेवक एकमेकांना विचारत होते, रजतच्याच वाफ्यावर फुलपाखरू का बसत नाही.

त्यांच्यातलाच रजत अपघातात गेल्यापासून त्याचे वडील, दादाजी, त्याचा वाफा सांभाळायला दर रविवारी बुटीबोरीपलीकडच्या गावाहून येत. सगळ्यांच्या आधी. आज ती लवकर आली, एवढंच.

"पाह्य बेटा, एक भोक नाही पानाले! तुमच्या वाफ्याईची नुसती चाळणी. अन् रुई लावते का कोणी? आमच्या वावराच्या धुऱ्यावर फुकट हाय."

ती हसली. हसायला नको होतं.

"काका—"

वाक्य पहिलं: चाळणी व्हावी म्हणूनच आम्ही...

नाही.

वाक्य दुसरं: तुमची काही चूक नाही, पण...

नाही.

"एक सांग," तेच म्हणाले. "तिकडं लिंबावर फुलपाखरं, पानफुटीवर फुलपाखरं. माह्या पोराच्या झाडावर काहून येत नाही? रुसला का तो माह्यावर?"

मग जे वाक्य आलं, ते तिने ठरवलेलं नव्हतं.

"काका, पानांना भोकं पाडणाऱ्या अळ्यांचीच फुलपाखरं होतात. रुई खाऊनच वाढतात त्या. रजतनं त्यांच्यासाठीच लावली होती."

पंपाच्या तोंडातून एक थेंब पडला. मग आणखी एक. दादाजींनी पंप खाली ठेवला, हात धोतराला पुसले. पुन्हा पुसले.

"फोनवर म्हणे, बाबा, अळ्या पडल्या. लय खूश. मी म्हणलं, पागल झाला का, फवार! औषधाचं नाव सांगतलं. तं हासाले लागला. हासतच रायला. काहून, ते सांगतलंच नाही."

त्यांनी दुपट्टा खाली ओढला.

"त्याच्यानंतर फोन नाही आला. अजून कानात हासून रायला तो. अन् मी तेच औषध आणलं."

चिन्मयीने नळ बंद केला.

"एखादी वाचली असन का वं?"

ती गुडघ्यांवर बसली. एक पान उलटलं. दुसरं. तिसऱ्या पानाखाली एक अळी दिसली आणि तिचा हात थांबला.

"काय हाय?" दादाजींनी विचारलं.

पण ते पुढे आले नाहीत.