तिघींची ओवी

भागुबाईंनी स्वानंदीचा जबडा दोन बोटांनी खाली ओढला आणि त्या कुजबुजल्या, "स्वल्प उघड. छातीतून येऊ दे."

घशाच्या ऑपरेशननंतर त्यांच्याजवळ कुजबुजच उरली होती. म्हणून तीन महिने या नातीचा गळा घडवणं चाललं होतं.

बंगळूरच्या बनशंकरीतल्या त्या इमारतीच्या जिन्याखाली भागुबाई आणि त्यांची धाकटी बहीण चंद्राबाई चाळीस वर्षं दर शुक्रवारी ओव्या गात. गात दोघी, ऐकू येत तिघी. तिसरा आवाज मधल्या बहिणीचा, विमलाचा. ती निपाणीला, लग्नाआधीच वारली होती. वरच्या मजल्यावरच्या धनलक्ष्मी तीन पेले कॉफी आणत आणि तिन्ही पेले रिकामे परत जात, असं शपथेवर सांगत. त्यात चंद्राबाईंच्या कॉफीच्या आवडीचा वाटा किती, ते विचारू नये.

बेळ्ळंदूरच्या ऑफिसात ध्वनी मोजणाऱ्या स्वानंदीने सगळं उलगडून सांगितलं होतं. दोन गळे अगदी जुळले की त्यांच्यातले वरचे बारीक स्वर एकमेकांत मिसळतात आणि कानाला आणखी एक गळा ऐकू येतो. इटलीकडच्या एका बेटावर चार पुरुष गातात आणि वरून बाई ऐकू येते. तिथले लोक तिला मेरी मानतात.

"मग मी काय वेगळं म्हणते?" चंद्राबाई म्हणाल्या होत्या. "तिकडं मेरी येते, इकडं विमला."

आता भागुबाईंच्या गळ्याविना ती येणार का, एवढाच प्रश्न होता. नाही आली, तर आपल्यामुळे ती दुसऱ्यांदा गेली, असं भागुबाईंनी मनाशी धरलं होतं.

कॉयरमध्ये कमावलेला गोल आवाज बाजूला ठेवून स्वानंदीने छातीतून सूर लावला. चंद्राबाईंनी आपला त्याला भिडवला. दुसऱ्या ओवीला जिन्यात वरून तिसरा गळा उतरला.

चंद्राबाईंनी डोळे उघडले. तो विमलाचा नव्हता. चाळीस वर्षं शेजारी बसून ऐकलेला, ओळीच्या शेवटी किंचित नाकात जाणारा, भागुअक्काचा होता.

त्या थांबल्या. स्वानंदीही थांबली. वरचा गळा ओळ पुरी करून मग थांबला.

भागुबाईंचा चेहरा उजळला होता. आपला आवाज बाहेरून कसा वाजतो, ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. फोनवर रेकॉर्डसुद्धा करू दिला नव्हता.

"आली ग विमला," त्या कुजबुजल्या. "आलीच ना?"

"आली, अक्का."

चंद्राबाईंनी बहिणीचा हात हातात घेतला. ऊबदार होता. तरी त्यांनी तो सोडला नाही.