परसातला सरकारी खड्डा

आमच्या घराच्या मागं एक खड्डा होता. घरात सगळे त्याला सरकारी खड्डा म्हणत, जसं काही सरकार रात्रीतून येऊन खणून गेलं.

खणला होता आम्हीच. विकासखंडाचे साहेब गावात येणार होते. त्यांना दाखवायला एक आदर्श घर पाहिजे होतं आणि आदर्श घराच्या मागं संडास पाहिजे होता. माझे बाबा लक्ष्मणराव लगेच म्हणाले, आमच्या परसात बांधा. श्रमदान झालं. म्हणजे मजुरांनी खणलं आणि आम्ही पांढऱ्या टोप्या घालून फावडे धरून उभे राहिलो. तीन बाजूंनी छातीएवढ्या भिंती उठल्या. पाय ठेवायच्या जागा असलेली सिमेंटची फरशी आर्वीहून बंडीत आली. साहेब आले, चहा प्याले, हार घेतला, गेले. फरशी भिंतीला टेकलेली होती ती तशीच राहिली. पुढं मायनं ती आडवी पाडून तिच्यावर कुरड्या वाळवल्या.

तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता. मग तो मुंबई राज्यात गेला. राज्य बदललं, खड्डा उघडाच. गेल्या उन्हाळ्यापासून त्याला असा वास सुटला की मागच्या ओसरीत भाकर घशाखाली उतरत नसे. बाबा म्हणत, "सरकारचं काम हाये, सडनच."

आणि त्याच ओसरीत अन्नपूर्णा वहिनीची बाज टाकलेली होती.

वहिनी म्हणजे माझा थोरला भाऊ रूपराव, त्याची बायको. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या काड्यांच्या बंडीवरून पडली आणि घोट्याच्या वर हाड मोडलं. आर्वीच्या दवाखान्यात पाय बांधून दिला, घरी आणलं. गावातल्या बायका परसाकडं गोदरीत जातात, ती नाल्याच्या पलीकडं, काट्याकुट्यातून. पहाट व्हायच्या आत जायचं, नाहीतर अंधार पडेपर्यंत दाबून धरायचं. धडधाकट बाईचे हे हाल, मोडक्या पायाच्या बाईनं काय करावं? सुरुवातीला माय आणि शेजारची लीलाबाई तिला दोन्हीकडून धरून नेत. मग मायची कंबर धरली, लीलाबाईला कामं निघाली. यावर आमच्या घरानं जो उपाय काढला तो ऐका.

"पाणी कमी पेजो," माय तिला म्हणाली. "अन् भाकर एकच खाय. मंग लागतच नाई."

मायच्या मनात वाईट नव्हतं. तिनं स्वतः चार बाळंतपणं अशीच काढली होती. पण ऐन वैशाखात, तापत्या ओसरीत, ती बाई दिवसाला दोन घोट पाण्यावर राहू लागली. ओठ फुटले. लघवीला आग होऊ लागली, थंडी वाजून ताप भरू लागला. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, भरपूर पाणी पाजा, नाहीतर पाय राहील आणि बाई जाईल. घरी आल्यावर मी तांब्या तिच्या तोंडापाशी धरला. तिनं मान फिरवली.

"भाऊजी, पेऊन जाऊ कोठी?"

मी रूपरावकडं पाहिलं. तो नखं कुरतडत होता. तो नेहमीच काहीतरी कुरतडत असतो.

मी बाबांना म्हणालो, खड्डा साफ करून संडास पुरा करतो.

"ज्या घरात देव हाये त्या घरात हगाचं?"

"साहेबांपुढं तं हो म्हटलं होतं तुम्ही."

"तवा हगाचं कोठी होतं? दाखवाचं होतं फक्त."

माणसं हे तोंड वर करून बोलतात. मला अजून किळस येते.

एकट्यानं ते काम होणारं नव्हतं. एकानं खाली उतरून टोपलं भरायचं, दुसऱ्यानं वरून दोर ओढायचा. आमच्या लोकांपैकी कोणी तयार होईना. सगळ्यांचं एकच म्हणणं, बौद्धवाड्यात सांग. छप्पनच्या दसऱ्यानंतर त्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावाची घाण काढणं सोडलं. तरी गावाला हाक मारायला दुसरं नाव सुचत नव्हतं.

मी श्रावणकडं गेलो. शाळेत आम्ही एकाच वर्गात होतो. मी आत बसत होतो, तो दाराबाहेर. माझं ऐकून तो आधी हसला.

"दोन वर्ष झाले अमी सोडलं ते. तुया घरी खबर नाई पोचली?"

"वहिनी मरते रे, श्रावण."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "येतो. मजुरी नको. मले वखराले तुयी बैलजोडी देजो. पण एक अट हाये. खाली तू उतरशीन. वर मी राहीन."

"बरं."

"इचार कर. आजवर उलटं झालं."

दुसऱ्या दिवशी मी उतरलो. भर दुपारी, कारण मला लपून काही करायचं नव्हतं. वरून श्रावण टोपलं सोडी आणि वर ओढून परसाच्या टोकाला रिकामं करी. फुटकी मडकी निघाली, चिंध्या निघाल्या, सडलेल्या पऱ्हाट्या, राखेचे थर. आणि मग फावडं कशाततरी रुतलं. उपसलं तर कातडं आलं. खाली बरगड्या. तो भपका माझ्या डोक्यात गेला आणि मी तिथंच, माझ्याच पायावर ओकलो.

"काय लागलं बे?" श्रावणनं वरून वाकून पाहिलं. त्याला लांबूनच कळलं. "वासरू हाये."

आमचं तांबडं वासरू गेल्या वर्षी चैत्रात मेलं. मी तेव्हा मावशीकडं, तळेगावला गेलो होतो. परत आलो तेव्हा बाबांनी सांगितलं की वावरात पुरलं. मी खालूनच ओरडलो, "बाबा!"

बाबा आले. नाकाला उपरणं लावून काठावर उभे राहिले. श्रावण असलेल्या काठापासून दूर, अर्थात.

"हे वावरात पुरलं होतं न?"

"मंग काय करतो?" ते भडकले. "हे लोक ओढाले येत नाई. का मी ओढू? लक्ष्मणराव मेलं ढोर ओढून राह्यला, असं साऱ्या गावानं पाहावं?"

"म्हनून सुनेच्या उशाशी टाकलं, लक्ष्मणराव?" श्रावण म्हणाला.

"श्रावण्या, तू मधात बोलू नको."

"श्रावण नाव हाये मायं. दोर सोडू का धरू, तेवढं सांगा. तुमचा पोरगा खाली हाये."

बाबा निघून गेले. रूपराव ओसरीतून पाहत होता. वासरू फरफटत नेऊन खड्ड्यात लोटताना दुसऱ्या बाजूनं त्यानंच पाय धरले होते, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. गावात कोणाला दिसू नये म्हणून दोघं कर्ते पुरुष घरातच घाण पुरतात, वर्षभर तिच्या वासात जेवतात, आणि नाव सरकारचं घेतात. असल्या इज्जतीवर मी थुंकतो. तेव्हाही थुंकलो, तोंडात तेच होतं.

तुकडे तुकडे करून ते वासरू मी टोपल्यात भरलं. श्रावणनं ओढलं, आणि मी वर आल्यावर म्हणाला, वावरापर्यंत तूच ने. मीच नेलं. गावातून नेलं. बाया पदर तोंडाला लावून सरकल्या. लक्ष्मणरावाचा पोरगा ढोर नेऊन राह्यला, हे गावानं पाहून घेतलं. आभाळ कोसळलं नाही.

मी नदीवर अंग घासून आलो तर मायनं माझ्यावर गोमूत्र शिंपडलं आणि ताट अंगणात मांडलं. खड्ड्यात उतरलो होतो मी, श्रावण नाही. तरी त्याचा चहा माझ्या ताटाच्याही पलीकडं, कुंपणाशी ठेवला होता, कान तुटलेल्या कपात. श्रावणनं कपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"वासुदेव, हा कप काढाचा राह्यला त्या खड्ड्यातून," म्हणाला आणि न पिता गेला.

तरी तो पुढंही आला. खड्ड्यात चुना टाकला, मायच्या कुरड्यांखालची फरशी उचलून बसवली, भिंती डोक्यावर नेल्या, पत्र्याचं दार लावलं. मधे टेकायला एक आडवा बांबू बसवला, ते श्रावणलाच सुचलं. संध्याकाळी मी वहिनीला दार उघडून दाखवलं. रात्री जेवताना तिनं तांब्याभर पाणी पिलं, मग दुसरा मागितला.

सकाळी उठलो तर ती काठी टेकून परसात उभी होती आणि पत्र्याचं दार आतून लावलेलं होतं. भिंतीवरून बिडीचा धूर निघत होता.

आत बाबा होते.

देव असलेल्या घरात ते निवांत बसले होते. खाकरत होते. वहिनीच्या कपाळावर घाम, चेहरा पांढरा, दुखरा पाय अधांतरी.

"थांब न जरासं," रूपराव तिला हळूच म्हणाला. "बाबा हायेत."

"मोठ्या माणसाले कसं उठवाव?" माय म्हणाली.

मी पुढं झालो. पण माझ्या आधी काठी पत्र्यावर आदळली. लग्न होऊन बारा वर्षं, त्या बाईनं सासऱ्यापुढं तोंड उघडलेलं मी ऐकलं नव्हतं. डोक्यावरचा पदर तिनं एका हातानं सावरला आणि दुसऱ्या हातानं पुन्हा काठी हाणली.

"मामाजी, बाहेर निघा."

आतलं खाकरणं थांबलं.

"हे मायासाठी बांधलं. निघा."

कडी वाजली. बाबा टमरेल घेऊन निघाले, कोणाकडं न पाहता, अर्धी बिडी बोटात तशीच. वहिनी आत गेली आणि दार लावून घेतलं.

रूपराव दाराकडं पाहत उभा होता. मी रिकामी बादली त्याच्या हातात कोंबली.

"तोंड काऊन पाहून राह्यला? पानी भर तिच्यासाठी."

त्यानं आजूबाजूला पाहिलं, कोण पाहतं का ते. पाहत होते, शेजारची लीलाबाई कुंपणावरून पुरी वाकली होती. तो उभाच राहिला. मग आतून वहिनीचा आवाज आला, "पानी आना हो," आणि तो विहिरीकडं निघाला.