माहिती देणाऱ्याची सही

तीन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत चष्मेवाली आईसह त्या गावी उतरली, ती फक्त एका दाखल्यासाठी. आईचे गुडघे कामातून गेले होते. ऑपरेशन सरकारी योजनेतून व्हायचं होतं आणि योजनेला जन्माचा दाखला हवा होता. आईचा जन्म याच गावचा. दोन वर्षांची असताना इथून निघाली, ती आज एकाहत्तराव्या वर्षी परत येत होती. नोंदणी कचेरीच्या बाहेर एक बाक होता. आई त्यावर पाय चोळत बसली आणि लेक आत गेली.

कारकून म्हातारा आणि सज्जन होता. चष्म्याची एक दांडी त्याने दोऱ्याने बांधली होती. चष्मेवालीचं लक्ष आधी तिकडे गेलं. तिचं स्वतःचं चष्म्यांचं दुकान होतं, धंद्याची सवय. त्याने जाडजूड रजिस्टर उघडलं, बोट वरून खाली आणलं आणि मधेच थांबवलं.

"दाखला कुणाला हवाय म्हणालात?"

"आईला."

"पण त्या तर गेल्यात."

"कुठे गेल्यात? बाहेर बाकावर बसल्यात."

कारकुनाने रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. आईच्या जन्माच्या नोंदीशेजारी, समासात, लाल शाईने लिहिलं होतं: 'मयत'. पुढे मृत्यूच्या रजिस्टरचा नंबर. त्याने तेही रजिस्टर काढलं. एकाच तारखेला, एकाखाली एक अशा दोन नोंदी होत्या. स्त्री, वय सव्वीस, कारण ताप. मुलगी, वय दोन, कारण ताप. माहिती देणाऱ्याचं मयताशी नातं: दीर आणि चुलता. खाली सही. कित्त्यात गिरवल्यासारखी गोल, घोटीव सही.

"म्हणजे आमची आजी दोनदा मेली," चष्मेवाली म्हणाली. "एकदा इथे सव्विसाव्या वर्षी, आणि एकदा अडुसष्टाव्या वर्षी माझ्या मांडीवर." पण तिचे डोळे सहीवरच होते. ती सही कुणाची, हे तिला कळलं होतं.

त्यांच्या घरात या माणसाचं नाव आदराने घेतलं जाई. आजोबा सुतार होते. आई सहा महिन्यांची असताना ते बोटीने परमुलखात कामाला गेले, जम बसला की बायको-लेकीला बोलावतो म्हणून सांगून गेले. पुढे दीड वर्षाने धाकटा भाऊ आजीपुढे मान खाली घालून उभा राहिला. "वहिनी, दादाने तिकडे दुसरं घर केलंय. तुम्हाला माहेरी पोचवा म्हणून लिहिलंय." त्यानेच आजीचं गाठोडं बांधलं आणि गाडीत बसवून दिलं, डोळे पुसत. आजी मरेपर्यंत म्हणायची, मोठा नासका निघाला, धाकटा सोनं. नवऱ्याचं नाव तिने पुन्हा उच्चारलं नाही, शिव्या देतानासुद्धा 'तो मेला' एवढंच. आणि धाकट्या दिराला ती दरवर्षी एक पत्र घालायची. उत्तर कधी आलं नाही, तर म्हणायची, कामाचा माणूस, वेळ कुठे त्याला.

चष्मेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती बाहेर येऊन आईला एवढंच म्हणाली, "नोंदीत जरा घोटाळा आहे. वेळ लागेल."

मग ती त्या कामामागे हात धुऊन लागली. कारकुनाला तिने नवा चष्मा करून दिला आणि त्याने तिला वाट दाखवली. बंदराच्या दप्तरखान्यात जुन्या उतारूंच्या याद्या असतात. आजोबा ज्या मुलखात गेले तिथेही वसाहतीचे अर्ज, मृत्यूच्या नोंदी जपलेल्या असतात, लिहा, पाठवतात. तिने लिहिलं. दुकानात दिवसभर काचा घासायच्या, जेवणाच्या सुट्टीत पत्रं लिहायची, असे पाच महिने गेले. मग एकेक कागद येत गेला.

पहिली आली उतारूंची यादी. आजोबा गेल्यानंतर दीड वर्षाची. त्यात आजीचं नाव होतं, आईचं नाव होतं, दोघींच्या जागा आजोबांनी पैसे भरून ठरवलेल्या. दोन्ही नावांवर आडवी रेघ आणि पुढे शेरा: 'मयत झाल्याचे कळते.' मग आला आजोबांचा तिकडे कायम राहण्याचा अर्ज. धंदा, सुतार. विवाहित की कसे, तर विधुर. पुरावा म्हणून दोन मृत्युदाखल्यांच्या नकला जोडलेल्या, आणि त्यांच्याबरोबर आलेलं धाकट्या भावाचं पत्र. तेच गोल अक्षर. 'दादा, वहिनी आणि बाळ दोघीही तापात गेल्या. तू आता येऊ नकोस, तुला इथे बघवणार नाही. घराच्या कागदावर सही करून पाठव, मी सगळं सांभाळतो.'

शेवटचा कागद आजोबांच्या मृत्यूचा होता. एकोणीस वर्षांनंतरचा. कामगारांच्या खाणावळीतली एक खोली. पुन्हा लग्न केलेलं नाही. नातेवाईक: कोणी नाही.

मग सगळे कागद तिने आईला वाचून दाखवले. आईने शेवटचा हातात घेतला, उलटा-सुलटा केला. मग म्हणाली, "जिवंत आहे का गं तो काका?"

"त्र्याण्णव वर्षांचा आहे. त्याच घरात राहतो. गावात त्याला मास्तर म्हणतात. चाळीस वर्षं हेडमास्तर होता."

"मग मरायच्या आत चल."

पण आधी चष्मेवाली एकटीच गेली. शत्रूचं घर तिला डोळ्यांनी बघायचं होतं. दार मास्तरांच्या मुलाने उघडलं, पासष्टीचा, गोड बोलणारा गृहस्थ. घर प्रशस्त होतं. भिंतीवर विद्यार्थ्यांसोबतचे फोटो आणि मानपत्रं. मधोमध, काचेच्या चौकटीत, घराण्याची वंशावळ, मास्तरांनी स्वतः लिहिलेली. त्यात थोरल्या भावापुढे होतं: 'परमुलखी वारला. वंश खुंटला.' चष्मेवालीने ते दोनदा वाचलं.

"एका जुन्या नोंदीची खात्री करायची आहे," ती म्हणाली आणि दाखल्यांच्या नकला पुढे केल्या. "माहिती देणारे म्हणून यांची सही आहे."

मास्तर आरामखुर्चीत होते, काटकुळे, ताठ. कागद त्यांनी नाकाला लावला, क्षणभर तसाच धरला आणि खाली ठेवला. "डोळे गेले माझे, बाई. मला यातलं अक्षरही दिसत नाही. कसली नोंद, कुणाची, काय सांगू?"

दिसलं होतं त्याला, निदान सही तरी. अंगठा नेमका सहीवर कसा सरकला, ते तिने पाहिलं होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून जगाला दिसत नाही होय?

मुलगा हळहळला. "बाबांनी जन्मात खोटं अक्षर लिहिलं नाही हो. पण आता नाइलाज आहे. पुढच्या रविवारी शाळेच्या सभागृहाला त्यांचं नाव देणार आहेत. भाषण लिहून तयार आहे, पण वाचणार कसं? चार चष्मे केले, एकही लागला नाही."

"माझा धंदाच तो आहे," चष्मेवाली म्हणाली. "मी करून देते."

"नको नको," मास्तर म्हणाले. "आता या वयात..."

"अहो बाबा, बघू तर द्या!"

पेटी तिच्यासोबतच होती. तिने म्हाताऱ्याच्या चेहऱ्यासमोर खुर्ची ओढली, हनुवटी धरली, एकेक काच लावून विचारत गेली. आता? आता कसं? ज्या डोळ्यांनी आजीच्या निरोपाच्या वेळी पाणी काढलं होतं, ते तिच्यापासून वीतभर अंतरावर होते. तिने पुढची काच लावली. मोतीबिंदूचं ऑपरेशन मागेच झालं होतं आणि आधीचे चारही चष्मे कुणीतरी घाईघाईत केलेले होते, एवढंच. माणूस नीट वाचू शकत होता.

ते आठ दिवस तिने दुसरं कुठलंही काम घेतलं नाही. केसाने गळा कापणाऱ्या माणसाला तिने आयुष्यातला सगळ्यात उत्तम चष्मा करून दिला. काचा तीन वेळा बदलल्या, नाकाच्या आधाराला मऊ गादी लावली. कशाचीही सबब त्याला मिळू द्यायची नव्हती.

रविवारी सकाळी ती आईला घेऊन गेली. घर माणसांनी भरलेलं होतं. शाळेच्या समितीचे चारपाच जण, लेकी-जावई, शेजारी. मास्तर इस्त्रीच्या कपड्यांत बसले होते. मुलाने तोंड भरून स्वागत केलं. "या या! बाबा, तुमचा चष्मा आला."

चष्मेवालीने तो स्वतःच्या हातांनी त्यांच्या कानांवर चढवला. मास्तरांनी डोळे मिचकावले, खिडकीकडे पाहिलं, मग लोकांच्या तोंडांकडे. चेहरा लहान मुलासारखा उजळला. "अरे! सगळं दिसतंय की!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काहीतरी वाचून बघा," ती म्हणाली आणि हातात कागद दिला.

आयुष्यभर वर्गात मोठ्याने वाचलेला माणूस, सवयीने मोठ्यानेच सुरू झाला. "मयताचे नाव... स्त्री, वय सव्वीस. कारण, ताप. दुसरी नोंद. मुलगी, वय दोन..." आवाज तिथेच तुटला.

"पुढे वाचा ना मास्तर. माहिती देणाऱ्याची सही कुणाची आहे?"

मुलगा खांद्यावरून वाकला आणि त्याने सही ओळखली. "ही तर तुमची सही आहे, बाबा. पण यात काय झालं? काकू आणि त्यांची मुलगी तापात गेल्या, हे तर तुम्हीच सांगता आम्हाला."

तेव्हा आई काठी टेकत पुढे आली. दुखरे गुडघे, पण चालली ताठ. "काका," ती म्हणाली, "ती दोन वर्षांची मुलगी मी. माझी आई त्यानंतर बेचाळीस वर्षं जगली. तुम्हाला पत्रं घालायची दरवर्षी. मिळाली नाहीत?"

समितीतला एक जण उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. चष्मेवालीने बाकीचे कागद टेबलावर मांडले. यादी, अर्ज, पत्र, खाणावळीतला मृत्यू. मुलाने एकेक उचलून वाचला. पत्र वाचताना तो भिंतीला टेकला.

"दादा निघून गेला होता," मास्तर शेवटी म्हणाले. "म्हाताऱ्या आईबापांना मी सांभाळलं. तुम्ही दोघी तिकडे गेल्या असतात आणि दोन वर्षांनी घराचे दोन तुकडे करा म्हणून पत्र आलं असतं. घर एकसंध राहावं, एवढंच..." त्यांनी आईकडे पाहिलं. "काय हवंय तुला? घर हवंय?"

"ठेवा तुमचं घर. उद्या माझ्याबरोबर कचेरीत चला. मी मेले म्हणून तुम्ही सांगितलंत, जिवंत आहे म्हणूनही तुम्हीच सांगा."

"आजचा दिवस जाऊ दे. कार्यक्रम होऊ दे. मग म्हणशील तिथे येतो."

"माझ्या आईला तुम्ही एक दिवस तरी दिला होतात का?" आई म्हणाली.

कार्यक्रम झाला नाही. मास्तरांची प्रकृती बिघडल्याचं समितीने कळवलं आणि पुढे नावाच्या पाटीचा विषय कुणी काढला नाही. सोमवारी मुलानेच वडिलांना कचेरीत आणलं. रजिस्ट्रारसमोर मास्तरांनी नवा चष्मा लावून लिहून दिलं की मी खोटी माहिती दिली. नियमाप्रमाणे त्याची जाहीर नोटीस तीस दिवस फळ्यावर लागली. पहिले काही दिवस फळ्यापुढे ही गर्दी. ज्यांनी मास्तरांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या, ते नातवंडांना घेऊन येत आणि खाली वाकून सही बघत.

दहाव्या दिवशी मुलगा चष्मेवालीच्या दुकानात आला. त्याचा चेहरा उतरला होता. "नोटीस काढायला सांगता येईल का, ताई? बाबा घराबाहेर पडत नाहीत. त्यांचं वय तरी बघा."

"आजीचं वय सव्वीस होतं. तेव्हा कुणी बघितलं?"

"मी काय करू हो? मला काही माहीत नव्हतं."

त्याची तिला क्षणभर कीव आली, कारण ते खरं होतं. पण तिने नोटिशीचे उरलेले वीस दिवस सोडले नाहीत. "भिंतीवरची वंशावळ उतरवून नवी लिहा," ती म्हणाली. "वंश खुंटलेला नाही." त्याने मान हलवली आणि ते काम मात्र त्याने केलं. फोटो काढून पाठवला. थोरल्या फांदीवर आजी, आई आणि ती स्वतः.

आईला दाखला मिळाला, गुडघ्यांचं ऑपरेशनही पार पडलं. ती पुन्हा चालायला शिकत होती तेव्हा दोनदा निरोप आला की मास्तर अंथरुणाला खिळलेत, एकदा भेटून जा, माफी मागायची आहे. चष्मेवालीने विचारलं, "जायचंय?" आई म्हणाली, "त्यांना माफी मिळाली की ते सुखाने जातील. माझी आई कुठे सुखाने गेली?" आणि ती गेली नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी फोन आला. मास्तर गेले. चष्मेवाली फोन ठेवून उभी राहिली. आपल्याला आता वाईट वाटेल, निदान हलकं तरी वाटेल, म्हणून तिने वाट पाहिली. दोन्हींतलं काही झालं नाही. रागाचं ओझं होतं तिथेच होतं, फक्त उचलून मारायला आता समोर कुणी नव्हतं. आजी आयुष्यभर ज्याला शिव्या देत गेली, तो एका खाणावळीच्या खोलीत तिच्यासाठी एकोणीस वर्षं रडला असेल. त्याचा हिशोब कुणाकडे मागायचा?

घरी येऊन तिने आईला सांगितलं. आई खिडकीचा गज धरून गुडघ्याचा व्यायाम करत होती. तिने मोजणी पुरी केली, मग खुर्चीत बसली.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता त्यांचं नाव पुरे. ते अर्ज-बिर्ज काढ आणि माझ्या बापाबद्दल सांग. उंच होता का गं? काय काय बनवायचा?"

चष्मेवालीने कपाटातून कागद काढले आणि अर्जातल्या पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. उंची पाच फूट नऊ इंच. डाव्या हाताच्या तर्जनीवर जुनी खूण, करवतीची.