बदामी कुर्त्यातला अतिरेकी

मित्रांनो, देशासाठी मी अनेकदा प्राण दिले आहेत. सीमेवर छातीत गोळी झेलली आहे, बर्फात कोसळलो आहे, आणि मला पडताना पाहून दिग्रसच्या आयाबायांनी पदराने डोळे पुसले आहेत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मला हातगाडीवर आडवं घालून दुकानात परत नेत आणि हाफ पँट चढवून दारात उभं करत.

मी एक जुना पुतळा आहे, रेडीमेड कपड्यांच्या दुकानातला. माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात, फायबरच्या साच्यात झाला. ज्याने साचा बनवला त्याने आयुष्यात दिग्रसचा माणूस पाहिला नसावा. त्याने मला निळे डोळे, पिंगट केस आणि सरळ नाक दिलं. त्याच साच्यातून माझ्यामागोमाग माझा भाऊ निघाला. आम्हा दोघांना वेगळं ओळखणं आमच्या जन्मदात्यालाही जमलं नसतं. ट्रकमध्ये भावाचा उजवा पंजा तुटला, तेव्हापासून लोक आम्हाला ओळखू लागले.

आमचे मालक कय्यूमभाई. बाजार चौकात त्यांच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. कय्यूमभाईंनी त्यात रेडीमेडचा माल भरला, पण शिलाई मशीन काढली नाही. आम्ही आलो त्या दिवशी चौकात गर्दी झाली होती. बोरी अरबहून बाजाराला आलेल्या एका आजीबाईंनी मला पँटची किंमत विचारली. मी बोललो नाही, तेव्हा "लय माजला हाय," म्हणून त्या समोरच्या दुकानात गेल्या. हंगामात जिनिंगची रुई उडत उडत येऊन आमच्या खांद्यांवर बसे आणि कय्यूमभाई ती रोज सकाळी मऊ फडक्याने झटकत. ते दिवस चांगले होते. माझं नाक शाबूत होतं.

कय्यूमभाईंचे मित्र बबनराव. दोघं एका बाकावर शिकले. पुढे बबनराव एसटीत कंडक्टर झाले आणि चौकातल्या गणेश मंडळाचे अध्यक्षही. दर रमजान ईदेला कय्यूमभाई एकाच ठाणातून दोन पठाणी कुर्ते कापत, एक स्वतःचा, एक बबनरावांचा. बबनरावांचं माप त्यांनी कधी टेपने घेतलं नाही. दुकानासमोर चहा पिताना ते मित्राच्या पोटाकडे नुसतं एकदा बघत आणि कैची उचलत. बबनराव तो कुर्ता घडी न मोडता ठेवत आणि गणपती बसतात त्या दिवशी पहिल्यांदा घालत. चौकाला या प्रथेत विशेष काही वाटत नसे. त्याही दिवसांत दुकानं होती, धर्म होते, पुढारी होते. फक्त सगळ्यांना आपापली कामं होती.

कारगिलचं वर्ष आलं. मंडळाने देखावा ठरवला आणि बबनराव आम्हाला मागायला आले. जवान कोण आणि शत्रू कोण, हा प्रश्न निघाला. कय्यूमभाई म्हणाले, "ज्याचा हात साबूत हाय त्याच्या हाती झेंडा दे." अशा रीतीने मी भारताचा झालो आणि माझा भाऊ शेजारच्या देशाचा. दोन्ही गणवेश कय्यूमभाईंनीच शिवले, फुकट. जिनमधून गेल्या हंगामातली उरलेली रुई आणून पोरांनी डोंगरावर बर्फ पाडला. टेबलफॅनची मोटर मला पाठीशी जोडली होती. बटण दाबलं की छातीवरचा लाल बल्ब लागे आणि मी सावकाश मागे कोसळे. व्होल्टेज कमी असलं की फारच सावकाश कोसळे. लाईट गेली तर अमर.

एक गोष्ट मला अजून आठवते. अजान सुरू झाली की बबनराव मेन स्विच बंद करत. कुणी सांगावं लागत नसे, हुकूम नव्हता, बैठक नव्हती. मंडळाचा भोंगा थांबे, मोटर थांबे, आणि मी अर्धा मेलेला, तिरका, हवेत तसाच लटके. समोरची गर्दी मुकाट उभी राही. दारव्ह्याहून आलेले पाहुणेसुद्धा. मग अजान संपे, बबनराव स्विच लावत आणि मी उरलेला मरे.

पण मित्रांनो, कौतुक फार टिकत नाही. दुकानात नवे पुतळे आले. नव्यांना डोकं नसतं. कपडे विकायला ते लागत नाही, हे कंपनीच्या लक्षात आलं होतं. भावाला एका वर्षी देखाव्यातला फटाका लागला, तेव्हापासून तो माळ्यावर आहे. मला दाराच्या मागे उभं केलं. तिथून येताजाता कुणाच्या तरी पिशवीचा धक्का लागून माझं नाक उडालं. निवडणुका आल्या की मला कुठल्या ना कुठल्या पक्षाचा सदरा मिळे. मी सगळ्या पक्षांत राहिलो आहे आणि प्रत्येक पक्षातून हँगरवर परतलो आहे.

दाराच्या मागून मी ऐकत असे. शेजारच्या देशाने काही केलं की गिऱ्हाईक कय्यूमभाईंना थट्टेने विचारी, "काय म्हणते चाचा तुमचा देश?" कय्यूमभाई पँटची घडी घालत म्हणत, "माह्या देशात सकाळपासून लाईन नाई. वायरमन फोन उचलत नाई." गिऱ्हाईक हसे. पुढेपुढे प्रश्न वाढले आणि हसणारे कमी झाले, पण उत्तर त्यांनी बदललं नाही.

मग परवाच्या उन्हाळ्यात काश्मीरमध्ये हल्ला झाला. निरपराध माणसं मेली. चौकात मेणबत्त्या लागल्या, त्यात एक कय्यूमभाईंनी लावली. टीव्हीवर युद्ध सुरू झालं आणि तिथे ते बरेच दिवस चाललं. गणपती जवळ आले तसा मंडळाचा नवा अध्यक्ष, बबनरावांचा पुतण्या इंद्रजित, दुकानात आला. बबनराव आता नुसते मार्गदर्शक होते, म्हणजे त्यांना कुणी विचारत नसे.

"चाचा, पुतळा लागते. जवान यवतमाळहून भाड्यानं आणला, एकदम कोरा. अतिरेकी पाह्यजे."

कय्यूमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. नाक नसल्यामुळे मी पात्र ठरलो होतो. "ने," ते म्हणाले.

"अन् एक पठाणी. टोपीसंगं."

मशीन थांबली. "कायले?"

"अतिरेक्याले घालाले."

"त्यायनं पठाणी घातली होती, हे तुले कोणं सांगतलं?"

"कोनं नाई. पण जीनपँट घातली तं लोकायले समजन कसं चाचा, अतिरेकी हाय म्हणून?"

"जीनपँट तं तूही घालून हायेस."

इंद्रजितने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. त्याला मुद्दा कळला नाही. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तसं असतं तर गोष्ट सोपी झाली असती.

"पठाणी संपल्या," कय्यूमभाई म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू केली. त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर पठाणींचा ढीग होता. इंद्रजितने तो पाहिला. दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं.

गणपती बसले त्या संध्याकाळी आमदार उद्घाटनाला आले. मी पडद्यामागे बंदूक धरून तयार होतो. माझ्या अंगावर एक कुर्ता होता, अगदी नवा, बदामी रंगाचा. कापडाच्या वासावरून मला शंका आली होती. आम्हा पुतळ्यांना आपल्या दुकानाचा वास कळतो.

पडदा सरकला. निवेदक गरजला, "आणि हा पाहा, सीमेपलीकडून आलेला क्रूरकर्मा!" सगळ्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी समोर पाहिलं. गर्दीच्या दुसऱ्या रांगेत कय्यूमभाई उभे होते, दरवर्षीसारखे. अंगात बदामी पठाणी. माझ्या अंगात बदामी पठाणी. आणि त्यांच्या शेजारी बबनराव, चौकड्याच्या बुशशर्टात.

लोकांनी माझ्याकडे पाहिलं, मग कय्यूमभाईंकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. कय्यूमभाईंनी बबनरावांच्या बुशशर्टाकडे पाहिलं. मग ते वळले, रस्ता ओलांडून दुकानात गेले आणि त्यांनी शटर पाडलं. सणाच्या संध्याकाळी ते शटर पडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, आता हे दुकान आणि हा चौक यांच्यातलं काहीतरी संपलं.

बबनराव आधी नुसते उभे राहिले. मग त्यांना माझ्या गळ्याची पट्टी दिसली असावी. तशी पट्टी सबंध तालुक्यात एकच माणूस शिवतो.

"अबे थांबा! कुर्ता माहा हाय तो!"

आमदार थबकले. बबनराव रुईच्या बर्फातून डोंगर चढून माझ्यापर्यंत आले आणि माझी बटणं सोडू लागले.

"काका, काय करून राह्यले! चालू हाय कार्यक्रम!" इंद्रजित ओरडला.

"सकाळपासून शोधून राह्यलो मी कुर्ता! कोणं आणला हा इथं?"

"काकूनं देल्ला. मंडळात पाह्यजे म्हणलं तं देल्ला. घरचाच होता नं!"

बायकांच्या रांगेतून काकूंचा, म्हणजे विमलताईंचा, आवाज आला, "मले काय मालूम याले घालाचा हाय! मले वाटलं पूजेले पाह्यजे. इस्त्री करून देल्ला मी!"

गर्दी हसली. बबनराव हसले नाहीत. त्यांनी कुर्ता ओढून काढला आणि सगळ्यांसमोर बुशशर्टावरच घातला. छातीवर, उजव्या बाजूला, पोरांनी रक्त म्हणून ऑइल पेंट लावला होता. तो अजून ओला होता. तसेच ते डोंगर उतरले आणि रस्ता ओलांडून दुकानाच्या ओट्याकडे गेले.

मी उघडा उभा होतो, पोटावरच्या फायबरच्या सांध्यासकट. आमदारांना पुढच्या गावी जायचं होतं. शेवटी इंद्रजितने स्वतःच्या अंगातला टी-शर्ट काढून मला घातला. निवेदकाने पुन्हा "क्रूरकर्मा" म्हटलं. माझ्या छातीवर गणपतीच्या चित्राखाली मंडळाचं नाव आणि "कार्यकर्ता" असं ठळक छापलेलं होतं.

रस्ता अरुंद आहे आणि त्या वेळी अजान सुरू झाली होती. कुणीतरी स्विच बंद केला. नवा जवान हवेत तिरका लटकला. अजान संपली तरी स्विच पुन्हा लावायचं कुणाला सुचलं नाही, आणि त्या शांततेत मला ओट्यावरचं बोलणं ऐकू आलं. बबनरावांनी शटरवर थापा मारल्या. ते अर्धं वर गेलं.

"शटर काहून पाडलं बे?"

"गिराईक नवतं."

"मले मालूम नवतं, कय्यूम."

"मी काही म्हणलं काय?"

"सरक. बसू दे."

दोघं ओट्यावर बसले. मग कय्यूमभाई म्हणाले, "मले वाटलं, तूच देल्ला."

"तुले वाटलंच कसं पण?"

"वाटते, बबन. आजकाल वाटते."

बबनराव म्हणजे एसटीत इतकी वर्षं काढलेला माणूस, पण त्यांच्याजवळ तेवढे सुटे शब्द नव्हते. मग ते म्हणाले, "इस्त्री करून देल्ला म्हणते विमल."

"पाह्यलं मी. अतिरेक्याची कडक घडी होती."

पहिल्यांदा कोण हसलं ते मला अंधुक उजेडात दिसलं नाही. नंतर दोघंही हसत होते, आणि बबनराव चष्मा काढून डोळे पुसत होते. मग कय्यूमभाईंनी डागाला बोट लावून पाहिलं. "ऑइल पेंट हाय. जात नाई हा. काढ, इकडं दे."

डाग गेला नाही. कय्यूमभाईंनी उरलेल्या तुकड्यातून त्यावर एक खिसा शिवला, उजव्या छातीवर. सगळ्या जगाचा खिसा डावीकडे असतो. बबनरावांचा उजवीकडे आहे. त्यात ते चष्मा ठेवतात. त्या साली पैगंबर जयंती विसर्जनाला लागूनच आली होती आणि मोहल्ल्याने जुलूस दोन दिवस पुढे ढकलला होता. त्या जुलुसात उजव्या खिशाचा कुर्ता घातलेला एक माणूस सरबत वाटत होता. विसर्जनाच्या मिरवणुकीतही तो तोच कुर्ता घालून होता. कुणी त्याची बातमी केली नाही. बातमी होण्यासारखं त्यात काही नव्हतं.

देखाव्याला तिसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी "अंतर्मुख करणारा आशय" असा शेरा दिला. कार्यकर्त्यालाच अतिरेकी केल्याचं धाडस त्यांना आवडलं होतं.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. शहीद झालो, शत्रू झालो, दोन्हीकडे माझे डोळे निळेच होते. तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याजवळ थोडंच आहे. कपाटातले जुने कपडे जपा. ज्याने माप न घेता तुमच्यासाठी काही शिवलं असेल, ते तर हाताशीच ठेवा, आणि घरातून कुणी मागायला आलं तर कशासाठी ते आधी विचारा. उसवलेलं दिसलं की लगेच टाका घाला. माझ्यासारख्याला मात्र टाका घालता येत नाही. फायबरला नाक पुन्हा येत नाही.

यंदा ईदेला पुन्हा एका ठाणातून दोन कुर्ते कापले गेले. रंग राखाडी आहे. मंडळाच्या बैठकीला इंद्रजितने बबनरावांना मुद्दाम बोलावलं.

"काका, विषय कोणता घ्याचा यंदा?"

"असा घे, का ज्याले कपडे लागत नाई."

बराच विचार झाला. यंदाचा विषय 'पाणी वाचवा' आहे. मी नळ आहे.