परत गेलेली शांती

एकोणऐंशी साली दिल्लीत धर्मांतराविरुद्धचं विधेयक आलं आणि नागपुरातल्या त्या जुन्या चर्चमध्ये बाकांचे दोन पक्ष पडले. विधेयकाविरुद्धच्या मोर्च्याला गेलेले डावीकडे बसू लागले, न गेलेले उजवीकडे. पाळकसाहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू, घोषणा नकोत," तर दोन्हीकडचे त्यांच्यावरच रुसले. काहींनी येणंच सोडलं.

डावीकडे पहिल्या बाकावर बळीराम असे. विश्वनाथचा लहानपणापासूनचा सोबती. दोघांनी एकाच पुस्तकातून गीतं म्हटलेली. आजच्या उपासनेनंतर तो आपली माणसं घेऊन सक्करदऱ्याला वेगळी सभा भरवणार होता. "तुले इकडंबी भलं व्हायचं अन् तिकडंबी," असं तो कोणतीच बाजू न धरणाऱ्या विश्वनाथला तोडून बोलला होता, तेव्हापासून अबोला. त्याला एकदा 'थांब' म्हणावं, एवढंच विश्वनाथच्या मनात होतं. आणि तेवढंच जमत नव्हतं.

प्रभुभोजनाआधी शांती द्यायची रीत होती. पाळकसाहेब वेदीपाशी 'शांती असो' म्हणत मंडळीच्या पंचाचे हात हातांत घेत. पंच ती शांती खाली आणून पहिल्या बाकाला देई, मग ती हातोहात मागच्या दारापर्यंत जाई. पंच विश्वनाथच होता.

आज शांती घेऊन तो पायऱ्या उतरला आणि मधल्या वाटेत थबकला. आधी कोणाला द्यायची? दोन्हीकडच्या माना उंचावल्या. काही सुचेना, तसा तो मागं वळला, वर गेला आणि शांती पाळकसाहेबांच्याच हातात देऊन खाली आला.

मग उजवीकडच्या पहिल्या बाकावरून म्हातारी प्रयागबाई म्हणाली, "काहून गा विश्वनाथ, माल पसंत नाही पडला का? परत करून राहिला!"

डावीकडे कोणीतरी फिसकन हसलं. मग उजवीकडेही. हसू दाबत बळीराम उठून वाटेत आला.

"आण गा, घेतो मी. पण जातो म्हणजे जातोच, सांगून ठेवतो."

विश्वनाथ वेदीपाशी जाऊन शांती पुन्हा घेऊन आला आणि त्यानं बळीरामचे हात धरले. "थांब म्हणायचं होतं तुले," तो पुटपुटला. "तोंडातून निघेचना."

बळीरामनं हात ओढून घेतले नाहीत.

"दोघंच ठेवून घेता का आता?" प्रयागबाई करवादली. "पुढं द्या ना!"

बळीरामनं एक हात सोडवला आणि वाटेपलीकडे तिच्यापुढं केला.