डावीकडचा भांग

जटा आपल्या आपण येतात, त्या आणायच्या नसतात, असं टेकडीवरचा म्हातारा रास बेनाया म्हणायचा. पण त्याला म्हणायला काय जात होतं, त्याच्या जटा कमरेखाली लोंबत होत्या. हॉपटनने आईला पुरून आल्यापासून केसांना कंगवा लावला नव्हता. ती असेपर्यंत त्याची छाती झाली नाही. त्याची आई, मिस आयव्ही, दर रविवारी आधी पोराचा भांग पाडून मग पांढरी हॅट घालून चर्चला जाणारी बाई होती, आणि जटा वाढवणाऱ्या टेकडीवरच्या माणसांचं नाव तिच्या घरात निघत नसे. ती गेली, त्याने घरातले झाडून सगळे कंगवे बहिणीच्या सलूनमध्ये नेऊन टाकले, आणि पन्नाशीला टेकलेला तो माणूस वाट बघत बसला.

किनाऱ्यावरच्या त्या गावात ज्याने म्हणून कंगवा सोडला, त्याच्या डोक्यात चार-सहा महिन्यांत गाठी दिसायला लागत. हॉपटनचे केस नुसतेच वाढत गेले. त्याने समुद्राच्या पाण्याने डोकं धुतलं, कोरफड चोळली, उशीला गोणपाट घातलं. तरी सकाळी केसांत बोटं घालावीत, तर ती कुठेही न अडकता बाहेर यायची. शिवाय उजव्या कानाची वरची कड दुखायची. कुशीवर झोपल्यामुळे असेल, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं.

त्याला खरी घाई ढोलाची होती. बाकीच्या ढोलांना पुढे नेणारा तो लहान ढोल रास बेनायाने आयुष्यभर वाजवला होता. आता म्हाताऱ्याची बोटं वाकडी झाली होती, डोळेही गेल्यात जमा होते, आणि टेकडीवरच्या येत्या मेळ्यात तो ढोल दुसऱ्या कुणा जटावाल्याच्या हाती द्यायचा होता. हॉपटनइतका हात कोणाचाच नव्हता, हे टेकडीवर सगळ्यांना मान्य होतं. पण म्हातारा त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि मान हलवायचा. "हात इकडचा आहे पोरा, डोकं अजून खालीच आहे. येऊ दे. ओढू नकोस."

"ओढू नकोस म्हणे," बहीण इसिल्डा म्हणाली. सलूनमध्ये गिऱ्हाईक नव्हतं आणि ती पंख्यासमोर पाय पसरून बसली होती. "अरे, अर्ध्या किंग्स्टनच्या जटा कंगव्याने केलेल्या आहेत. दोन महिन्यांनी आईलासुद्धा ओळखू येत नाहीत. बस इथे."

"आईचं नाव कशाला मध्ये?"

"बरं, नाही घेत. मान खाली कर."

तिने केसांचे चौकोन पाडले, एकेक बट ताठ धरली आणि बारीक दातांचा कंगवा टोकाकडून मुळाकडे असा उलटा मारत गेली, की केस आपल्यातच घुसून त्यांचं घरटं व्हावं. मग ती बट दोन्ही तळव्यांत वळली. संध्याकाळी आरशात जटा होत्या. हॉपटनला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला.

सकाळी जटा नव्हत्या. केस मोकळे होते, खोबरेल लावून चापून बसवलेले, आणि डावीकडे कपाळापासून टाळूपर्यंत दोरीने आखावा तसा भांग होता.

"ही कसली चेष्टा?" तो सलूनच्या दारात ओरडला.

इसिल्डाने भांगाकडे पाहिलं आणि हातातला टॉवेल हळूच खाली ठेवला. "मी केलेलं सोडवायला मलाच सबंध दिवस लागेल," ती म्हणाली. "आणि तू जागा झाला नसतास?"

तिने पुन्हा केल्या, आणखी घट्ट, मेण लावून. त्याने लोकरी टोपी घालून वर फडकं बांधलं. सकाळी फडकं नीट घडी करून उशाशी ठेवलेलं होतं आणि भांग डावीकडे होता. मग इसिल्डा सगळे कंगवे पिशवीत भरून मुलीकडे राहायला गेली, केवळ त्याचं तोंड बंद करायला म्हणून, जाताना स्वतः जटा करून देऊन. त्याने खोलीला आतून कडी लावली. कडी तशीच राहिली. जटा राहिल्या नाहीत. त्याने आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला, ब्रेडफ्रूट न खाताच ताट सारलं, आणि कोणावर चिडावं हे न कळून दारालाच लाथ मारली.

मेळ्याच्या दिवशी इसिल्डा परत आली. तोडगा तिनेच काढला. "झोपेत होतं ना? मग झोपूच नकोस. आत्ता दुपारी करते, उजेडात ट्रकने वर जा. म्हातारा चाचपून बघेल, ढोल देईल. उद्याचं उद्या."

काम झालं. जटा दगडासारख्या बसल्या होत्या. हॉपटन ट्रकची वाट बघत व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर बसला. ऊन उतरलं होतं, पण उजेड अजून लख्ख होता, तो पूर्ण जागा होता, आणि टेकडीवर मोठा ढोल सुरू झालेला ऐकून त्याची बोटं गुडघ्यावर आपोआप चालत होती.

मग बोटं थांबली.

ट्रकचा भोंगा वाजला. इसिल्डा आतून म्हणाली, "आला बघ. ऊठ." तो उठला नाही, म्हणून ती दारात आली. तो पाठ ताठ करून, गुडघे जुळवून बसला होता, आणि मागे वरच्या पायरीवर बसणाऱ्याला जागा ठेवावी तसा थोडा पुढे सरकलेला होता. मान किंचित डावीकडे कलली होती. उजव्या हाताने त्याने कानाची वरची कड खाली दुमडून धरली होती, कंगवा लागू नये म्हणून लहान मुलं धरतात तशी.

"हॉपटन," ती दारातूनच म्हणाली. "ट्रक जाईल."

"हलू नको म्हणतेय," तो अगदी हळू आवाजात म्हणाला. "अजून एक बाजू राहिलीय."